पडद्यावरचा जाणता म्हातारा

फेब्रुवारीत भोर-वेल्ह्यातल्या शाळांमध्ये एक ठरलेली लगबग असते. २८ तारखेचा विज्ञान दिन, त्यासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी, रांगोळीतली सूर्यमाला, पाहुण्यांचं भाषण. आणि दुपारी वीज टिकली, प्रोजेक्टरनं साथ दिली, तर एखादा विज्ञानपट. कोणता? सरांच्या पेनड्राइव्हमध्ये असेल तो. या निवडीवर कुणी फार डोकं चालवत नाही, कारण विज्ञानपटात विज्ञान असतं आणि विज्ञान चांगलंच असतं, असा आपला सरळ हिशेब. यंदा निदान एका गोष्टीवर डोकं चालवावं असं आम्हाला वाटतं. या चित्रपटांत जवळजवळ हमखास एक म्हातारा असतो. त्याला सगळं ठाऊक असतं. नायक चुकत असतो तेव्हा हा बरोबर असतो, आणि गोष्ट रंगात आली की बहुतेक वेळा मरतो. हा म्हातारा आपल्या पोरांपुढे आणावा का?

त्याचा साचा पक्का केला तो १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नं. वाळवंटात एकटाच राहणारा ओबी-वान केनोबी तरुण ल्यूकला त्याच्या बापाची तलवार देतो, दोन-चार धडे देतो आणि पुढे त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. दिग्दर्शक जॉर्ज लुकासनं जोसेफ कॅम्बेलचं मिथककथांवरचं पुस्तक पचवलं होतं; नायकाला वाटेत एक वयस्क मार्गदर्शक भेटतो हे त्या पुस्तकातलं सूत्र त्यानं अंतराळात नेऊन ठेवलं. ॲलेक गिनेसला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, नफ्यातला वाटाही मिळाला, आणि तरी हा बुजुर्ग नट मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्यातल्या संवादांना नावं ठेवत होता. तीन वर्षांनी योडा आला. मग हा साचा जगभर चालला.

आपल्याकडे तो थोडा बदलून आला. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) अशोककुमारांचे प्रोफेसर सिन्हा नायक अरुणला सांगतात, की तुझ्या वडिलांनी माणूस अदृश्य करणारं यंत्र शोधलं होतं. ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) रोहितचे वडील मेलेले, पण त्यांचा संगणक उरलेला. बघा, शोध लावणारा दोन्हीकडे बापच, आणि तो दोन्हीकडे मेलेला. मुलाच्या वाट्याला प्रयोग येत नाही, यंत्र येतं. विज्ञान म्हणजे जणू सातबारा. बाप गेला की वारसनोंद करायची आणि ताबा घ्यायचा. प्रोफेसर सिन्हा यात मार्गदर्शकापेक्षा नोंद घालून देणारे तलाठीच जास्त.

पहिला आक्षेप इथे आहे आणि तो आम्हाला वजनदार वाटतो. ज्या मुलीच्या बापाची प्रयोगशाळा नाही, चार गुंठे भातखाचर आहे, तिला हा चित्रपट काय सांगतो? की ज्ञान निवडलेल्या वारसाकडे जातं. ल्यूक निवडलेला, अरुण निवडलेला, रोहित निवडलेला. म्हातारा कुणालाही शिकवत नाही, ‘त्याला’ शिकवतो. शिवाय ‘त्याला’च, ‘तिला’ क्वचित. आणि शिकवणाराही बहुतेक पुरुषच. आपल्या तालुक्यांत मुलांना हाताला धरून पुढे नेणाऱ्यांमध्ये अंगणवाडीच्या ताई आणि प्राथमिक शाळेच्या मॅडम किती आहेत ते डोळ्यांपुढे आणलं, तर पडद्यावरची ही पांढरी दाढी परकीच वाटते. ‘क्रिश’मध्ये (२००६) रेखाची आजी आहे खरी, पण तिचं काम नातवाची शक्ती लपवण्याचं. शिकवायला कुणी बाई नाहीच.

दुसरा आक्षेप आज्ञाधारकपणाचा. म्हातारा म्हणतो ते करायचं, कारण म्हणायचा त्याला अधिकार आहे. पडद्यावर हे गोड दिसतं. पण पानशेत आपल्याच तालुक्यातलं. धरणाचं काम पुरतं आटोपलेलं नसताना पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं आणि १२ जुलै १९६१ रोजी ते फुटून पुणं वाहून गेलं. तेव्हाही जाणती माणसं होतीच, मोठमोठ्या पदांवर होती. ‘वरच्यांनी विचार करूनच ठरवलं असेल’ हे वाक्य ज्या खोऱ्यात इतकं महाग पडलं, तिथल्या शाळेत ‘गुरू सांगेल ते प्रमाण’ एवढंच शिकवणारा चित्रपट दाखवताना हात थोडा अडखळायला हवा.

इतकं लिहून ‘म्हणून म्हातारा नको’ असं म्हणणं सोपं होतं. पण दुसरं पारडं तितकंच भरलेलं आहे.

केळद, मढे घाटाच्या अंगाची वस्ती घ्या, नाहीतर भोरच्या पश्चिमेला वरंध घाटाकडची. कर्ती माणसं पुण्याला, शिरवळच्या कारखान्यांत, नाहीतर मुंबईला. घरी पोरं आणि आजी-आजोबा. शाळेचा पट इतका लहान, की दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग. अशा ठिकाणच्या हुशार पोराला सगळ्यात जास्त कमी कशाची असते? बुद्धीची नाही, पुस्तकांचीही आता तितकी नाही, मोबाइल पोचला आहे. कमी असते ती सांगणाऱ्याची. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते, नवोदयला पाचवीत असतानाच बसावं लागतं, फॉर्मची मुदत अमुक तारखेला संपते, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा लागतो, हे वेळेवर सांगणारं कुणी लागतं. तलवार देणारा ओबी-वान आपल्याकडे येतो तो फॉर्मच्या झेरॉक्स घेऊन. ज्यांना असा माणूस भेटला ते पुढे गेले. ज्यांना भेटला नाही त्यांच्या कपाळी कमी लिहिलेलं होतं असं कुणी म्हणू नये.

म्हणून, ‘नायक सगळं स्वतःच्या बळावर करतो’ हा उलटा साचाही खोटाच. ‘द मार्शियन’मध्ये (२०१५) मंगळावर एकटा उरलेला मार्क वॉटनी बटाटे पिकवतो, त्याला गुरू नाही, हे खरं. पण त्याच्यामागे वनस्पतिशास्त्राचं शिक्षण आहे आणि पृथ्वीवर नासाची माणसं रात्रंदिवस राबताहेत. एकटेपणाचा हा थाट फार मोठ्या व्यवस्थेच्या जिवावर उभा असतो. वेल्ह्याच्या पोराला तो चित्रपट ‘तूही एकटा जाऊ शकतोस’ असं सांगत असेल, तर ती शुद्ध फसवणूक आहे.

तेव्हा म्हातारा हवा. कसा हवा, इथे खरी अडचण आहे. कारण पडद्यावरचा म्हातारा निर्भेळ असतो आणि आपल्या ओट्यावरचा तसा नसतो.

मे महिना संपत आला की घरोघरी भिंतीवरचं कॅलेंडर काढून विचारलं जातं, ‘औंदा मृगाचं वाहन काय?’ आजोबांचं नक्षत्रांचं ज्ञान तोंडपाठ असतं: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. त्यातला पाया पक्का खगोलशास्त्राचा आहे. सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात शिरतो, भाताच्या रोपांची तयारी त्या बेतानं होते, आणि हा हिशेब शाळेत न जाता पिढ्यान् पिढ्या टिकला. ही लहान गोष्ट नाही. पण त्याच दमात येतं वाहन. सूर्यनक्षत्रापासून त्या दिवसाच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं. बाकी तीन उरली तर बेडूक, सात उरली तर म्हैस, काहीच उरलं नाही तर हत्ती, म्हणजे पाऊस दणकून. आता घाटमाथ्यावर केळदला जो पाऊस कोसळतो त्याच्या मानानं पूर्वेला किकवी-नसरापूरच्या बाजूला फारच कमी पडतो, आणि वाहन मात्र दोघांना एकच! शिवाय नक्षत्रांच्या तारखाही ऋतूंच्या तुलनेत सरकत असतात, साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस. राजगड राजधानी होता त्या काळापासून आजवर सूर्याचा मृगप्रवेश ऋतूंच्या मानानं पाचेक दिवस उशिरा जाऊ लागला आहे. मॉन्सूनला ते कुणी कळवलेलं नाही.

म्हणजे एकाच तोंडातून खरं ज्ञान आणि पोकळ भाकीत हातात हात घालून बाहेर पडतं. पोरानं काय करावं? आजोबांना अडाणी म्हणून मोडीत काढावं, तर नक्षत्रं हातची जातात. सगळंच मानावं, तर म्हैस-बेडूक मानगुटीवर बसतात. मुलांना हवी ती चाळणी, आणि विज्ञानपट ती क्वचितच देतो, कारण त्यातला गुरू आधीच चाळून पडद्यावर आलेला असतो.

हा गुंता नेमका पकडणारी एक गोष्ट मराठीत आहे, आणि ती जयंत नारळीकरांची आहे. ‘धूमकेतू’. बालचित्र समितीनं तिच्यावर चित्रपटही काढला. गोष्टीतला म्हातारा कोलकात्याचा: दत्तदा नावाचा निवृत्त, हौशी आकाशनिरीक्षक. ‘दिव्यचक्षू’ नावाच्या आपल्या दुर्बिणीपाशी रात्री जागवणारा. बायकोला, इंद्राणीदेवींना, ती दुर्बीण सवतीसारखी वाटते. दत्तदांना धूमकेतू सापडतो, त्यांचं नाव त्याला मिळतं, आणि मग कळतं की तो पृथ्वीवर आदळणार आहे. जगातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येऊन अण्वस्त्रं भरलेलं यान सोडतात आणि त्याची वाट वळवतात. दत्तदा मोठ्या समाधानानं घरी परततात. घरी काय झालेलं असतं? धूमकेतूचं अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ झालेला असतो, तोही नातवाच्या हातून.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात थोर वाटतं ते दत्तदांचं हरणं. जगानं त्यांचं ऐकलं, घरानं नाही. ओबी-वानला वाळवंटात एकटं राहण्याची सोय होती. त्याचं ऐकायला एकटा ल्यूक आणि वाद घालायला कुणी नाही. दत्तदांना मात्र घरात बायको आहे, नातू आहे, शेजारीपाजारी आहेत, आणि प्रत्येकाची श्रद्धा आहे. ते नातवाचे गुरू होऊ शकत नाहीत, कारण त्या जागेवर आजी आधीच बसलेली आहे आणि तिची माया काही खोटी नाही. भोरच्या कुठल्याही आळीत हे घर सापडेल. गोष्टीची एक मर्यादाही नोंदवायला हवी: विवेक सगळा नवऱ्याकडे आणि अंधश्रद्धा सगळी बायकोकडे, ही वाटणी फार सोपी झाली. वाहन बघणारे आमच्याकडे तरी बहुतेक पुरुषच.

नारळीकरांचा स्वतःचा गुरू कोण, हेही इथे तोलायला हवं. केंब्रिजचे फ्रेड हॉईल. स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे, ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) त्यांचीच. विश्वाला सुरुवात नाही असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे ते एक जनक. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून त्या सिद्धान्तावर हल्ला चढवला तेव्हा रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर मांडायला हॉईलनी पाठवलं ते आपल्या विशीतल्या विद्यार्थ्याला, नारळीकरांना. पडद्यावरच्या गुरूनं असं काही केलेलं आम्हाला आठवत नाही. तो स्वतः लढतो नाहीतर मरतो. शिष्याच्या हाती आपली पडती बाजू देऊन त्याला भर सभेत उभं करत नाही.

पण या नात्याला दुसरी बाजू आहे, आणि भक्तिभावानं ती झाकू नये. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्यांनी स्थिर-स्थिती सिद्धान्ताची सुधारलेली आवृत्ती मांडली आणि महास्फोटावरच्या शंका अखेरपर्यंत विचारत राहिले. ही गुरुनिष्ठा की शंकेवरची निष्ठा? त्यांनी प्रत्येक वेळी निरीक्षणांच्या भाषेत वाद घातला, ‘हॉईल म्हणाले म्हणून’ असं नाही. म्हणून आमचा कौल दुसरीकडे झुकतो. तरी बहुसंख्य सहकाऱ्यांच्या मते बाजू हरलेली होती, हेही खरं. विज्ञानात गुरू चुकू शकतो, शिष्य त्याच्यासोबत चुकू शकतो, आणि तरीही दोघं विज्ञानच करत असतात. इतकी अवघड गोष्ट सांगणारा चित्रपट अजून निघायचा आहे.

चुकणारा, किंवा खोटा, म्हातारा पडद्यावर अजिबात नाही असं नाही. शंकरच्या ‘रोबोट’मधले (२०१०) डॉ. बोहरा बघा, डॅनी डेन्झोंग्पा यांनी केलेले. शिष्य वसीगरनचा रोबो तपासायला आल्यावर ते रोबोला हुकूम देतात, ‘तुझ्या निर्मात्याला भोसक.’ रोबो निघतो भोसकायला. बोहरा त्याला थांबवतात आणि नापास करतात: ज्याला आज्ञेतलं बरंवाईट कळत नाही, ते यंत्र धोक्याचं. त्यांचा हेतू मत्सराचा आहे, पुढे तेच त्या यंत्राचा राक्षस करतात. पण आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे! वाईट माणूस बरोबर बोलू शकतो, हे दहावीच्या मुलांना याहून चांगलं कुठे दाखवता येईल? आणि नापास झालं ते नेमकं काय, तर निमूट आज्ञापालन.

‘इंटरस्टेलर’मधला (२०१४) प्रोफेसर ब्रँड याच्या उलट. हेतू उदात्त, बोलणं खोटं. पृथ्वीवरच्या माणसांना वाचवणारं समीकरण आपल्याकडच्या माहितीवर सुटणार नाही हे त्याला कित्येक वर्षांपासून ठाऊक असतं. लोक काम करत राहावेत म्हणून तो खोटी आशा दाखवत राहतो आणि मरताना शिष्येला, मर्फला, कबूल करतो. मायकेल केन हे अशा मायेनं करतो की चीड यायला वेळ लागतो. मर्फला मात्र लगेच येते. तिची ती चीड आम्हाला पानशेतच्या खोऱ्यात फार ओळखीची वाटते.

आणि एक चित्रपट, जो अजून पेनड्राइव्हांत फारसा पोचलेला दिसत नाही: नागपूरच्या आरती कदव यांचा ‘कार्गो’. २०१९ चा, पुढल्या वर्षी नेटफ्लिक्सवर आलेला. ‘पुष्पक ६३४ए’ या अंतराळयानात मेलेली माणसं येतात. त्यांच्या वस्तू काढून घ्यायच्या, जखमा भरायच्या, स्मृती पुसायच्या आणि पुनर्जन्माला धाडायचं. हे काम करणारा प्रहस्थ नावाचा राक्षस (विक्रांत मेस्सी) वर्षानुवर्षं एकटाच राबतो आहे. त्याच्या हाताखाली युविष्का (श्वेता त्रिपाठी) शिकायला येते. या गुरूला शिष्य नकोच आहे. त्याच्याकडे कसलंही रहस्य नाही. आहे ती कामाची सवय, आणि ती सवय हीच त्याची पंचाईत. खाली पृथ्वीवरून पडद्यावर बोलणारे वरिष्ठ नितीज्ञ म्हणजे आपले नंदू माधव, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले फाळके. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात निवृत्तीला आलेला हेडक्लार्क आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसवलेली नवी मुलगी आठवा, हाच चित्रपट. तिला काम शिकवता शिकवता त्याला आपला एकटेपणा दिसतो, म्हणजे शिकवणी दोन्ही बाजूंनी चालते. जो म्हातारा शिकवताना बदलत नाही त्याला शिक्षक म्हणायचं का, असा प्रश्न या चित्रपटानं आम्हाला पाडला.

मृत्यूचा विषय, राक्षसांचं कौतुक आणि पुनर्जन्माचं कारकुनी कामकाज यांवरून काही पालक नाराज होतील. त्यांची नाराजी अगदीच निराधार नाही. पाचवी-सहावीच्या पोरांपुढे हा चित्रपट नकोच. नववीच्या पुढे मात्र खुशाल.

मग यंदा काय दाखवावं? लहानांना ‘मिस्टर इंडिया’ दाखवायचाच असेल तर दाखवा. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो तिथे पोरं खूश होतात आणि प्रकाशावर बोलायला एक निमित्त मिळतं. पण प्रोफेसर सिन्हांपाशी थांबून विचारा, की यंत्र बनवलं कसं, किती वेळा बिघडलं, हे चित्रपट का सांगत नाही. ‘रोबोट’ तीन तासांच्या घरातला आहे, सगळा नको. बोहरांच्या तपासणीचा प्रसंग तेवढा दाखवून चर्चा घ्या. ‘धूमकेतू’ची प्रत हाती लागली तर तिला पहिला मान, नाही लागली तर गोष्ट वर्गात वाचून दाखवा, एका तासात होते, विजेचाही प्रश्न नाही. आणि वाचून झाल्यावर मुलांना घरी पाठवताना एक काम द्या: आजोबांना किंवा आजीला विचारायचं, नक्षत्रांबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे आणि ते तुम्ही कशावरून म्हणता. दुसरा प्रश्न उद्धटपणा वाटेल अशी भीती काही शिक्षकांना वाटते. आमचा अनुभव असा, की पोरं आदरानं विचारतात आणि म्हातारी माणसं खुलतात. अडखळतात ती फक्त वाहनापाशी.

नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सही देत नसत. एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत, आणि उत्तरं पाठवतही. २० मे २०२५ ला ते गेले. पुण्यातलं ‘आयुका’ त्यांनी १९८८ मध्ये उभं केलं, तिथे शाळकरी मुलांसाठीचं काम चालू आहे; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. वेल्ह्यातून पुण्याला एसटी जाते, आणि पुण्याचे हौशी लोक दुर्बिणी घेऊन अंधार शोधत आपल्याच डोंगरांकडे येतात. ते येतात तेव्हा जवळच्या शाळेला आधी कळवलं, तर सरांच्या पेनड्राइव्हवरचा भार बराच हलका होईल. याची विचारणा पंचायत समितीच्या शिक्षण विभागानं करायची की शाळांनी आपापली, यावर आमचं मत पक्कं नाही. विभागानं केली तर सगळ्यांना मिळेल पण कागदात अडकेल, शाळेनं केली तर लवकर होईल पण उत्साही मुख्याध्यापक असलेल्या शाळेलाच मिळेल. लांबच्या वाड्या-वस्त्यांचा विचार करता आम्ही विभागाच्या बाजूनं आहोत, कागदाचा त्रास धरूनही.